पृथ्वी सरळ करणारी माणसं

टिचकी मारून तुम्ही ज्याला गरागरा फिरवता, डोळे मिटून ज्याच्यावर बोट टेकवता आणि बोट नेमकं समुद्रात पडलं की हिरमुसता, तो पृथ्वीगोल आज तोंड उघडतोय. फिरवणं जरा थांबवा आणि ऐका. तुम्हा माणसांविषयी माझं मत चांगलं नाही. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे रुसवेफुगवे नकोत.

पंचवीस वर्षं मी माणसं पाहतोय. त्यांनी माझ्यावर टोप्या अडकवल्यात, ओले रुमाल वाळत घातलेत, एकाने तर माझ्या दक्षिण ध्रुवाला च्युइंगम चिकटवून ठेवलं होतं. या पंचवीस वर्षांत सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, "अरेच्चा, हा वाकडा का आहे?" प्रश्न चांगला आहे. पण विचारणारा उत्तरासाठी थांबत नाही. विचारता विचारताच त्याचे हात पुढे येतात आणि तो मला सरळ करायला लागतो.

माझा जन्म कर्कवृत्ताच्या बराच वर, जिथे दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेलाच असतो अशा गावी, एका लांबट कारखान्यात झाला. पत्र्याचं छप्पर, सिमेंटची जमीन आणि दक्षिणेच्या भिंतीत उंचावर थाळीएवढा एक गोल झरोका. कागदाच्या लगद्याचे दोन वाडगे तोंडाला तोंड लावून चिकटवायचे, वर पांढऱ्या भुकटीचा थर द्यायचा, तो घासून गुळगुळीत करायचा. मग छापील नकाशाच्या बारा पाकळ्या, दोन्ही टोकांना निमुळत्या, खळ लावून ओल्या ओल्याच बसवायच्या. एक पाकळी केसभर सरकली की समुद्राला सुरकुती पडते आणि देश एकमेकांवर चढतात. देश तसेही चढतात, पण ते कारखान्याबाहेर.

माझ्या पाकळ्या मावशींनी बसवल्या. त्यांना सगळेच मावशी म्हणायचे, त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठे असलेले मालकसुद्धा. मावशी सातवी शिकलेल्या, बांध्याने किरकोळ, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. बोटं मात्र अशी, की बारा पाकळ्या ध्रुवावर एका टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत मिळवायच्या. मी त्यांचा पहिला बिनसुरकुतीचा गोल. म्हणून मालकांनी मला विकलं नाही. नमुना म्हणून फळीवर ठेवलं आणि सगळ्यांना सांगितलं, "असा हवा."

माझं स्टँड म्हणजे लोखंडी पट्टीची अर्धी कमान. तिचा दांडा साडेतेवीस अंशांत कललेला. हा कल मालकांनी एका जुन्या गोलावरून उचलला होता. तो असा का, हे त्यांना ठाऊक नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "असाच असतो." अज्ञानच ते, पण निरुपद्रवी. ज्याला कळत नाही तो जोवर हात लावत नाही, तोवर मी त्याला माफ करतो.

आता त्या झरोक्याची गोष्ट. रोज बारा वाजता जेवणाची घंटा व्हायची आणि त्या वेळी झरोक्यातून उन्हाचा एक कवडसा जमिनीवर पडायचा. मावशींना त्याची धास्ती होती, कारण नुकत्याच चिकटवलेल्या ओल्या गोलावर ऊन पडलं की कागद आखडतो आणि पाकळ्या सुटतात. म्हणून गोल वाळवायची मांडणी कवडशाच्या वाटेत येणार नाही अशी हलवावी लागे. ती किती हलवायची याचा अंदाज यावा, म्हणून मावशी दर आठ-दहा दिवसांनी घंटा झाली की वाकायच्या आणि कवडशाच्या मधोमध लाल रंगाचा ठिपका द्यायच्या. शेजारी बारीक अक्षरात तारीख.

डब्यांची झाकणं उघडत असताना मावशी जमिनीवर ठिपके देतायत, हे बघून कामगार हसायचे. हसणं सोपं असतं, त्याला वाकावं लागत नाही.

इतक्या वर्षांत त्या जमिनीवर जे उमटलं, ते माझ्या अख्ख्या कातडीवर छापलेलं नाही. जूनमध्ये कवडसा झरोक्याच्या भिंतीशी लगटून बसायचा. तिथून तो दिवसागणिक खोलीत आत सरकायचा आणि डिसेंबरात पार दुसऱ्या टोकाच्या भिंतीजवळ जायचा. दोन्ही टोकांना पोचला की आठवडाभर जागचा हलायचा नाही, दमलेला माणूस ओट्यावर टेकतो तसा. पण मार्च आणि सप्टेंबरच्या वीस-तेवीस तारखेच्या सुमारास तो सगळ्यात घाईत असायचा, रोज दीड-दोन बोटं. त्या दोन्ही महिन्यांचे ठिपके झरोक्यापासून सारख्याच अंतरावर पडायचे, फक्त एकमेकांपासून वीतभर बाजूला. वर्षभराचे ठिपके जोडले तर पीळ घातलेल्या रबरबँडसारखा आकार व्हायचा, कारण घड्याळ एका चालीने चालतं आणि पृथ्वी तसं चालत नाही.

आणखी एक. जूनचा कवडसा लहान, पायाला चटका देणारा. डिसेंबरचा लांबुळका आणि फिका. झरोका तोच, सूर्य तोच. पण डिसेंबरात ऊन तिरपं येतं, आणि तेवढंच ऊन दीडपट जमिनीवर पसरलं की प्रत्येक वितेच्या वाट्याला कमी येतं. त्यातून दिवसही लहान. हिवाळा म्हणतात तो एवढाच आहे. हे समजायला सातवी पुरते. तुमच्यातल्या पदवीधरांना का पुरत नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

मग मालक आजारी पडले आणि कारखान्यात त्यांचे जावई आले. ते आधी फर्निचरच्या दुकानात होते. कामगार त्यांना साहेब म्हणायचे, मावशी जावईबापू. त्यांना साहेब आवडायचं. त्यांची नजर अशी, की भिंतीवरचं कॅलेंडर तसूभर कललं तरी त्यांचा घास अडायचा. आल्या आल्या त्यांनी ब्रश एका रांगेत लावले, खळीच्या बरण्यांना एकसारखी झाकणं आणली आणि चौथ्या दिवशी त्यांची नजर फळीवर गेली, माझ्यावर.

"हा नमुना ना?" ते म्हणाले. "मग हा वाकडा कसा? आपण गिऱ्हाइकाला नमुनाच वाकडा दाखवतो?"

"सगळेच तसे असतात, जावईबापू," मावशी म्हणाल्या.

"तेच तर म्हणतोय मी. सगळेच वाकडे. म्हणजे साचाच चुकलाय. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही?"

त्यांनी खिशातून टेप काढला आणि माझी रुंदी मोजली. मग डोळे चमकले. कललेल्या गोलाला खोकं रुंद लागतं. सरळ केला तर अरुंद खोक्यात बसेल आणि एका गाडीत सव्वापट माल जाईल. या शोधाने ते इतके खूश झाले, की त्यांनी दुसऱ्या कुणाला सांगितलंसुद्धा नाही. स्वतःच बाह्या वर केल्या, माझं स्टँड लोखंडी पकडीत आवळलं, दांड्यावर पाइप चढवला आणि जोर लावला.

दुखलं का, असं विचाराल. दुखलं. पण त्याहून जास्त मला लाज वाटली, कारण सरळ केल्यावर ते दोन पावलं मागे गेले, मान तिरकी करून मला न्याहाळलं आणि म्हणाले, "आता कसा पृथ्वीसारखा दिसतोय." पृथ्वी यांनी कुठे पाहिली होती कोण जाणे.

त्याच आठवड्यात मोठी मागणी आली. चारशे शाळा, प्रत्येकी एक गोल. जावईबापूंनी चारशे सरळ स्टँड करायला सांगितली. मावशींनी हातातली पाकळी खाली ठेवली.

"हे गोल मी चिकटवीन," त्या म्हणाल्या, "पण आधी दहा मिनिटं द्या मला. जेवणाच्या सुट्टीत."

सगळे कामगार डबे घेऊन भोवती बसले. मावशींनी टेबलाच्या मध्ये उघडा बल्ब लावला आणि मला, सरळ झालेल्याला, त्याच्या शेजारी ठेवलं. मला हळूहळू स्वतःभोवती फिरवलं, मग उचलून बल्बच्या चहूबाजूंनी नेलं.

"बघा. उजेड वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत, कुठेही नेला तरी तसाच. प्रत्येक गावाला बारा तास दिवस, बारा तास रात्र. बारा महिने मार्च. या गोलावर उन्हाळा नाही, हिवाळा नाही. जमिनीवरचा हा कवडसासुद्धा हलला नसता, जन्मभर एकाच ठिपक्यावर पडला असता. तो हलतो, कारण खरी पृथ्वी कललेली आहे. फिरताना तिचा कल बदलत नाही, टोक नेहमी एकाच दिशेला. म्हणून सहा महिने एक बाजू सूर्याकडे झुकलेली असते, सहा महिने दुसरी. अध्येमध्ये दोनदा कुठलीच झुकलेली नसते, तेव्हा दिवस-रात्र सारखे."

अगदी काटेकोर सांगायचं, तर त्या दिवशीही दिवसच काही मिनिटांनी मोठा असतो, कारण सूर्याची वरची कड दिसली की तुम्ही उजाडलं म्हणता आणि हवा उजेडाला थोडं वाकवून आधीच आणून सोडते. पण मावशींनी ते मुद्दाम वगळलं. समोरच्याचा घास बघून वाढावं लागतं.

जावईबापूंनी शांतपणे ऐकलं. मग रुमालाने हात पुसत म्हणाले, "दिवस-रात्र होतात ना याच्यावर? मग झालं. आणि उन्हाळ्याचं म्हणाल मावशी, तर पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा, लांब गेली की हिवाळा. हे मला शाळेपासून माहिती आहे."

"पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ जानेवारीत असते," मावशी म्हणाल्या. "नकाशाच्या कागदांबरोबर जे पत्रक येतं त्यात छापलंय. जानेवारीत तुम्ही स्वेटर घालून येता."

कुणीतरी फस्सकन हसलं. जावईबापूंचे कान लाल झाले.

"ते छापणाऱ्यांचं झालं. मला गिऱ्हाईक सांभाळायचंय."

"गिऱ्हाईक म्हणजे शाळा आहेत. चारशे शाळांत चारशे शिक्षक असतील. त्यातला एक तरी विचारेल तुम्हाला, गोल सरळ का म्हणून."

"विचारेल?"

"विचारेलच."

त्या दिवशी मार्चची वीस तारीख होती आणि कवडसा त्याच्या ठिपक्यावर आला होता. जावईबापूंनी त्याच्याकडे बोट दाखवलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "ठीक आहे. हा तुमचा ठिपका परत कधी येतो?"

"सप्टेंबरात. तेवीस तारखेला. त्या शेजारच्यावर."

"तर मग तेवीस सप्टेंबर. तोवर एका शाळेचं जरी पत्र आलं, की गोल सरळ का आहे, तर मी चारशेच्या चारशे स्टँड बदलून देतो, आणि पुढेही वाकडेच करतो. नाही आलं तर मावशी, तुम्ही घरी आराम करायचा. सव्वीस वर्षं पुष्कळ झाली."

मावशी हो म्हणाल्या. मी टेबलावरून ओरडलो असतो तर बरं झालं असतं. माणसांवर इतका विश्वास ठेवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. नोकरी गेली असती तर त्यांना उपाशी राहावं लागलं असतं असं नाही, मुलगा कमावता होता. पण ते काम म्हणजे त्यांचा जीव होता. आणि तो त्यांनी टांगून ठेवला होता चारशे अनोळखी मास्तरांवर.

एप्रिलमध्ये गोल गेले. अरुंद खोक्यांतून, सव्वापट. खोक्यांवरच्या पत्त्यांच्या चिठ्ठ्या मावशींनीच लिहिल्या, आणि दुपारच्या सुट्टीत त्याच पत्त्यांची एक प्रत एका वहीत उतरवून ठेवली. कशाला, ते तेव्हा मला कळलं नाही.

मग वाट बघणं सुरू झालं. टपाल कारकूनबाईंच्या टेबलावर यायचं. रोज साडेअकराला मावशी हात धुऊन तिथे जायच्या.

"काही?"

"खोकं फाटलं म्हणून एक आहे, मावशी."

"बरं."

जूनमध्ये शाळा उघडल्या. पत्रं वाढली. एका शाळेला समुद्राचा निळा रंग भडक वाटला. एकीने विचारलं होतं, सोबत चंद्र का नाही. एका मुख्याध्यापकांनी तीन पानं लिहिली होती, ती गोल ठेवायचं कपाट मिळेल का याबद्दल. एका शाळेने कळवलं, की गोल उत्तम असून तो वार्षिक तपासणीच्या दिवशी टेबलावर ठेवण्यात येईल. म्हणजे उरलेले सगळे दिवस कपाटात.

जुलै गेला. ऑगस्टमध्ये भूगोलात ऋतूंचा धडा येतो, म्हणून मावशींची आशा वाढली. त्या कारकूनबाईंना म्हणाल्या, "आता येईल बघ. शिकवायला घेतल्यावर हातात धरतील ना, तेव्हा कळेल." मी मनात म्हणालो, हातात धरणारा मास्तर दाखवा आणि बक्षीस मिळवा. चारशे शाळांत पृथ्वी कललेली आहे असं फळ्यावर लिहिलं जात होतं, मुलं ते वहीत उतरवत होती, आणि लिहिणाऱ्याच्या कोपराजवळ माझाच एक भाऊ सरळ उभा होता. लिहिणाऱ्याने मान वळवून बघावं, एवढीच अपेक्षा. तेवढीही जड झाली.

सप्टेंबरच्या एकोणीस तारखेला पत्र आलं. कारकूनबाई ते हातात धरून धावतच आल्या. "मावशी, आलं. स्टँडबद्दलच आहे."

मावशींचे हात खळीने भरलेले. त्यांनी ते तसेच कमरेला पुसले, चष्मा चढवला. तेवढ्यात जावईबापू बाहेर आले आणि त्यांनी पत्र घेतलं. मोठ्याने वाचलं.

"आपण पाठवलेला पृथ्वीगोल मिळाला. तो सरळ असून फार सुबक आहे. आमच्या शाळेत आपल्याच कारखान्याचा वीस वर्षांपूर्वीचा एक गोल आहे, पण तो वाकडा आहे. दोन्ही शेजारी ठेवल्यावर हा दोष स्पष्ट दिसतो. तरी जुना गोल परत घेऊन सरळ करून मिळेल काय? कळावे. भूगोल शिक्षक."

जावईबापू हसले नाहीत. हसले असते तर मी त्यांचा थोडा कमी तिरस्कार केला असता. त्यांनी पत्राची नीट घडी घातली, मावशींच्या हातात दिली आणि मऊ आवाजात म्हणाले, "आणखी चार दिवस आहेत, मावशी. बघू."

चार दिवसांत एकच पत्र आलं, ते झाडू विकणाऱ्या कंपनीचं. तेवीस तारखेला बारा वाजता घंटा झाली. कवडसा जिथे पडायचा तिथे पडला. मावशी त्याच्याजवळ क्षणभर उभ्या राहिल्या, मग त्यांनी ब्रश धुतले, सुकत ठेवले आणि कारकूनबाईंच्या हातात खळीच्या खोलीची किल्ली दिली. कारकूनबाई रडल्या. मावशी रडल्या नाहीत.

"काही हवंय का तुम्हाला?" जावईबापूंनी विचारलं. "आठवण म्हणून?"

"हा नमुना द्या."

"हा? अहो, नवीन घ्या ना एखादा."

"हाच."

वाटेत त्यांनी मला वेल्डरकडे नेलं. तो म्हणाला, "बाई, एकदा वाकलेलं लोखंड परत वाकवलं तर तडा जातो." मावशी म्हणाल्या, जाऊ दे. त्यांनी मुलाच्या जुन्या दप्तरातलं कोनमापक आणलं होतं, ते धरून उभ्या राहिल्या. तडा गेलाच. त्यावर तारेचे सहा वेढे घालून त्याने मला पुन्हा कलतं केलं. साडेतेवीस नाही, चोवीसच्या आसपास भरतो. पट्टी भेगाळली असली तरी मी आता माझ्यासारखा आहे.

मला वाटलं, आता खिडकीत बसून विश्रांती. कसलं काय. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी मला कापडी पिशवीत घातलं, हातात बल्ब आणि वायर घेतली आणि दोन बस बदलून त्या पत्र लिहिणाऱ्या शाळेत जाऊन थडकल्या.

भूगोलाचे सर पंचेचाळिशीचे, शर्टाच्या खिशात तीन पेनं. त्यांना वाटलं, कारखान्याने जुना गोल न्यायला माणूस पाठवलं. त्यांनी तो आणून टेबलावर ठेवला, माझ्याच वेळचा, धुळकटलेला, पण कल शाबूत.

"हा बरोबर आहे, सर," मावशी म्हणाल्या. "नवीन आहे तो चुकलाय."

"नाही हो बाई. मी अकरा वर्षं शिकवतोय."

"पुस्तकात चित्र कसं आहे?"

सरांनी पुस्तक उघडलं. चित्रात पृथ्वी कललेली होती, चारही ठिकाणी. त्यांनी चित्रावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "मला वाटायचं, छपाईत कागद सरकला असेल."

माझ्या आयुष्यात मी माणसांनी तोडलेले अकलेचे तारे पुष्कळ मोजलेत, पण अकरा वर्षं दरवर्षी चारही ठिकाणी सरकणारा कागद हा सगळ्यांत वरचा. मला वाटलं, आता मावशींचा संयम सुटणार. त्यांनी वायर लावली, खिडक्या ओढून घेतल्या आणि मला सरांच्या हातात दिलं. "फिरा याला घेऊन. बल्बच्या भोवती."

सर फिरले आणि जे सगळे करतात तेच त्यांनी केलं. जिथे जातील तिथे माझं वरचं टोक बल्बकडे वळवायचे.

"अंहं. टोक फळ्याकडे. तुम्ही कुठेही जा, टोक फळ्याकडेच."

ते पुन्हा फिरले. बाकांच्या बाजूला आले तेव्हा माझं टोक आपोआप बल्बकडे झुकलं, वरची टोपी उजळली आणि मला स्वतःभोवती फिरवूनही ती अंधारात जाईना. "जून," मावशी म्हणाल्या. पाव फेरीनंतर सर दाराजवळ आले. आता टोक ना बल्बकडे, ना उलटं. उजेडाची कड वरच्या ध्रुवावरून निघून खालच्या ध्रुवावर येऊन टेकली. "सप्टेंबर. आत्ताचंच." फळ्याजवळ टोक पाठमोरं झालं. "डिसेंबर." खिडकीजवळ पुन्हा ती कड ध्रुवापासून ध्रुवापर्यंत. "मार्च."

मग मावशींनी सरळ गोल त्यांच्या हातात दिला. ते तो घेऊन पूर्ण फेरी फिरले, अगदी हळू. उजेड कुठेच बदलला नाही. दुसऱ्यांदा फिरले. नंतर त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि एका बाकावर, मुलांच्या, बसले. गुडघे मावत नव्हते.

"बाई," ते म्हणाले, "मला हे कुणी दाखवलंच नाही. शाळेत नाही, कॉलेजात नाही. मी पाठ केलं होतं. अकरा वर्षं पाठ करूनच देतोय."

मी बोलण्यासारखं पुष्कळ तयार ठेवलं होतं. त्या वेळी त्यातलं काही आठवलं नाही.

"पत्र लिहून देतो," सर म्हणाले. "आजच. गोल सरळ का, म्हणून."

"मुदत काल संपली." मावशींनी वायर गुंडाळायला घेतली. "पत्र नको. हे स्टँड वेल्डरकडे नेऊन वाकवून घ्या, साडेतेवीस. आणि उद्या मुलांना फिरवायला द्या. त्यांच्या हातात."

"तुम्ही आता कुठे?"

मावशींनी पिशवीतून ती पत्त्यांची वही काढली, पहिल्या पानावर एका ओळीवर रेघ मारली आणि पुढचा पत्ता वाचला.

त्याला आता सहा महिने झाले. जावईबापूंनी कारखान्यात चकचकीत फरशी बसवली, ठिपके तिच्याखाली गेले, आणि ऊन कुठे येतं हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे नोव्हेंबरात मांडणीवरच्या साठ गोलांच्या पाकळ्या सुटल्या. कारकूनबाईंनी फोनवर सांगितलं. जावईबापूंनी खळीचा व्यापारी बदलला म्हणे. सरळ गोल अजून कारखान्यातून बाहेर जातायत, कुणाची तक्रार नाही.

आम्ही आतापर्यंत सतरा शाळा केल्या. दोन ठिकाणी शिपायाने फाटकावरूनच परत पाठवलं. एका ठिकाणी मुख्याध्यापिका म्हणाल्या, अभ्यासक्रमाबाहेरचं नको. पाच ठिकाणी स्टँड वाकवली गेली, बाकीचं देवाला ठाऊक. तीनशे त्र्याऐंशी उरल्यात. मावशींचा डावा गुडघा सुजतो, माझ्या तारेचे वेढे सैल झालेत, आणि बसमध्ये कुणीतरी टेकल्यामुळे माझ्या एका महासागराला खोक पडलीय. मी हिशेब केला, या चालीने त्यांना आणखी अकराहून जास्त वर्षं लागतील. मावशींनी तो केलेला नाही. सांगायला गेलो तरी त्या ऐकणार नाहीत.

तुम्ही मात्र इथवर ऐकलंत. तुमच्या शाळेत, घरात, कचेरीच्या कपाटावर एखादा सरळ गोल उभा असेल, तर आज उठा आणि बघा. त्या भूगोलाच्या सरांना मी सोडून दिलं, कारण त्यांना खरंच कुणी दाखवलं नव्हतं. तुम्हाला मी सांगितलंय.